मुलीचा खांदा आणि रोजचे शंभर चेंडू

प्रश्न : माझी मुलगी (वय २०) म्हापशाच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत सॉफ्टबॉल खेळायची, कॉलेजात बेसबॉलची पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारी) झाली. गेले चार महिने मात्र स्वतः खेळायचे कमी करून ती सरांच्या हाताखाली मुलांच्या संघाची 'स्टुडंट इंटर्न' झाली आहे. पहाटेच्या बसने डिचोलीहून जाते, मुलांचे चेंडू मोजते, वहीत लिहिते. चतुर्थीनंतर विद्यापीठ संघाची निवड आहे. तीत खेळली तर प्रमाणपत्र मिळेल आणि खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरी लागेल. मी स्वतः गावच्या संघातून फुटबॉल खेळलो. एका प्रमाणपत्राअभावी माझी नोकरी हुकली, तिची हुकू नये. रोज संध्याकाळी मी तिच्याकडून शंभर चेंडू टाकून घेतो. खांदा दुखतो म्हणते, पण ते निमित्त आहे असे वाटते. क्रिकेटचे बॉलर दिवसभर टाकतात, त्यांना काही होत नाही. आणि जी राष्ट्रीय स्तरावर खेळलीच नाही तिला कोच म्हणून कोण विचारणार? तिला चार शब्द सांगा. वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. – एक वडील, डिचोली

उत्तर : तुमच्या ईमेलच्या तळाशी तीन वाक्ये आहेत, ती बहुधा तुम्ही वाचलेली नाहीत. "पत्र मी टाईप केलंय. बाबांनी सांगितलं तसंच लिहिलंय. सर, मुलं ऐकत नाहीत तेव्हा काय करायचं?"

म्हणजे 'खांदा दुखतो म्हणते, पण ते निमित्त आहे' हे वाक्य तुम्ही तोंडाने सांगितले आणि तुमच्या मुलीने ते टाईप केले. एक शब्द बदलला नाही, गाळला नाही. खाली स्वतःची बाजूही मांडली नाही. मला या पत्रातले दुसरे काहीही इतके लागले नाही. जी मुलगी स्वतःविरुद्धची तक्रार इतक्या प्रामाणिकपणे लिहून पाठवते, ती खांद्याबद्दल खोटे बोलत असेल असे मला वाटत नाही. तुम्हालाही शांतपणे बसून विचार केलात तर वाटणार नाही.

म्हणून करिअरचे नंतर बघू. आजपासून ते शंभर चेंडू बंद करा. 'पन्नास टाकूया' नाही, 'निवड होईपर्यंत' नाही. खांदा डॉक्टरांना दाखवून होईपर्यंत एकही नाही.

आता तुम्ही जोडलेल्या पानाविषयी. मुलगी वेळ कसा वाया घालवते याचा पुरावा म्हणून तुम्ही तो फोटो पाठवलात. मी बेसबॉल खेळलेलो नाही, त्यामुळे वीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या एका मित्राला शेजारी बसवून ते पान वाचले. वर तारीख, डावीकडे पिचरची आद्याक्षरे, पुढे प्रत्येक इनिंगचा रकाना. दर चेंडूला एक उभी रेघ, पाचव्या चेंडूला त्या चारांवरून आडवी. चौथ्या इनिंगच्या रकान्यात ६१ या आकड्याभोवती गोल केला आहे आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे : 'कोपर खाली यायला लागलं. सरांना सांगितलं. बदलला. ३ दिवस.'

माझ्या मित्राने हे दोनदा वाचले. पिचर दमला की चेंडू टाकताना त्याचे कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरायला लागते आणि मग सगळा ताण खांद्यावर आणि कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. हे कट्ट्यावरून बघणाऱ्याला दिसत नाही, टाकणाऱ्याला स्वतःला तर कळतच नाही. ते बघणे हे कोचचे काम. आणि ते 'तीन दिवस' तिने मनाने लिहिलेले नाहीत. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल (तिथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांनी २०१४ मध्ये तरुण पिचरांसाठी 'पिच स्मार्ट' नावाचे नियम तयार केले. १९ ते २२ वयोगटासाठी त्यात सामन्यात एका दिवशी जास्तीत जास्त १२० चेंडू, आणि टाकलेल्या चेंडूंप्रमाणे सक्तीची विश्रांती सांगितली आहे : ३१ ते ४५ चेंडूंना एक दिवस, ६० पर्यंत दोन, ८० पर्यंत तीन, १०५ पर्यंत चार. तुमच्या अंगणातले शंभर चेंडू सामन्याइतक्या जोराने जात नसतील, हे मी धरून चालतो. तरीही शंभर रोज आहेत, आणि मधली विश्रांती शून्य आहे.

क्रिकेटच्या बॉलरचे उदाहरण इथे लागू पडत नाही. बॉलर हात कोपरात सरळ ठेवून फिरवतो, पिचर फेकतो. कोपर वाकवून, खांदा मागे पीळ देऊन, झटक्याने सोडतो. शाळेतल्या सॉफ्टबॉलमध्ये तिचा हात कमरेखालून फिरत होता; कॉलेजात आल्यावर ६० फूट ६ इंचांवरून तिने डोक्यावरून फेकायला सुरुवात केली. त्या बदलाला खांद्याने कुरकुर केली तर तो आळस नव्हे. आणि क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांना काही होत नाही हेही खरे नाही. पाठीच्या आणि खांद्याच्या दुखापतींनी किती जणांची वर्षे गेली ते तुम्ही पेपरात वाचत असालच.

मुलांचे ६१ चेंडू झाल्यावर सरांना जाऊन सांगणारी ही मुलगी संध्याकाळी घरी येऊन तुमच्यासमोर शंभर टाकते. तुम्हाला नाही म्हणण्याइतका धीर तिला झालेला नाही. तुमची तळमळ मला कळते. दिवसभराची नोकरी करून रोज संध्याकाळी मुलीसोबत अंगणात उभे राहणारे बाप मी फार पाहिलेले नाहीत. पण हुकलेले प्रमाणपत्र तुमचे होते, आणि त्याची भरपाई तिच्या खांद्याने करायची, हे मला मान्य नाही.

त्या प्रमाणपत्राचे वजनही एकदा नीट तपासा. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलेला उमेदवार पात्र ठरतो, हे बरोबर. पण पात्र ठरणे वेगळे आणि नोकरी लागणे वेगळे. पसंतीच्या क्रमात आधी देशाकडून खेळलेले, मग राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून पदक मिळवलेले, त्यानंतर आंतरविद्यापीठ स्पर्धेतले पदकविजेते येतात. विद्यापीठाकडून नुसते खेळून आलेले पदकवाल्यांच्या मागे. सांघिक खेळात पदक तिच्या एकटीच्या हातात नाही. म्हणजे दुखरा खांदा पणाला लावून जे मिळेल ते रांगेच्या शेवटचे तिकीट आहे. माझ्याकडे पूर्वी व्हॉलीबॉल खेळणारा एक मुलगा यायचा. गुडघा सुजलेला असताना एका निवडीसाठी तो खेळला. संघात आला, प्रमाणपत्र मिळाले. पुढे पोलीस भरतीची जाहिरात निघाली तेव्हा त्याला धावता येत नव्हते.

'राष्ट्रीय खेळली नाही तर कोच म्हणून कोण विचारणार' हा गैरसमज मी दर महिन्याला ऐकतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. आपल्या शेजारच्या मालवणात जन्मलेले रमाकांत आचरेकर उभ्या आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. सचिन तेंडुलकर त्यांच्या हाताखाली घडला आणि १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. बेसबॉलमध्ये अर्ल वीव्हर मेजर लीगमध्ये खेळाडू म्हणून एकही सामना खेळले नाहीत, पण त्यांच्या मार्गदर्शनाखाली बाल्टिमोर ओरिओल्सने १९७० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्या लीगची अंतिम मालिका, जिंकली. आणि तुमच्या मुलीसाठी सर्वांत जवळचे उदाहरण अलिसा नॅकन यांचे आहे. त्या कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायच्या. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघात इंटर्न म्हणून लागल्या, २०२० मध्ये मेजर लीगच्या इतिहासातल्या पहिल्या पूर्णवेळ महिला कोच झाल्या, आणि १२ एप्रिल २०२२ रोजी फर्स्ट बेसच्या कोचच्या चौकोनात (धावणाऱ्यांना इशारे देणाऱ्या कोचची मैदानावरची जागा) उभ्या राहिल्या. त्या लीगच्या नियमित सामन्यात मैदानावर कोच म्हणून उभी राहिलेली ती पहिली स्त्री. खेळलेले असणे कोचला नक्कीच उपयोगी पडते, आणि पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेला प्रवेश देताना खेळातली कामगिरी बघतात हेही खरे. पण स्वतःला जमणे आणि दुसऱ्याला जमवून देणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला डोळा लागतो, संयम लागतो, आणि योग्य वेळी 'आता थांब' म्हणायची हिंमत लागते. त्या पानावरच्या ६१ भोवतीच्या गोलात मला हे तिन्ही दिसले.

पैशाविषयी मात्र तुमची काळजी बरोबर आहे आणि मी ती झाकणार नाही. गोव्यात निव्वळ बेसबॉल शिकवून घर चालेल असे मी म्हणणार नाही. इथे मैदाने फुटबॉलची, त्यानंतर क्रिकेटची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल परत येत आहेत, पण प्रत्येकी फक्त सहा संघ. त्या बातमीच्या भरवशावर कोणी निर्णय घेऊ नये. ती जे शिकते आहे ते मात्र बेसबॉलपुरते नाही. भार मोजणे, दमलेले शरीर ओळखणे, पंधरा जणांचा दीड तासाचा सराव आखणे हे शाळेतल्या शारीरिक शिक्षणाला लागते, फिटनेस ट्रेनिंगला लागते, क्रीडाविज्ञानाला लागते. पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून शाळेत शिक्षिका होता येते. बँक आणि कर्मचारी निवडीच्या परीक्षा बी.कॉम.वर वयाच्या मर्यादेत देता येतात, त्यांची जाहिरात खांद्यासाठी थांबत नाही आणि खांदाही त्यांना लागत नाही.

आता मुलीला. तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले.

मुले ऐकत नाहीत, कारण तू त्यांच्याच वयाची आहेस, आणि आजवर त्यांनी तुला फक्त वही धरून बसलेली पाहिली आहे. आवाज चढवून ते बदलणार नाही. सरांकडून एक छोटे काम पूर्ण स्वतःकडे मागून घे. उदाहरणार्थ, इनफिल्डच्या (बेसजवळ उभ्या राहणाऱ्या) मुलांचा ग्राउंडरचा, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू अडवण्याचा, सराव. त्यासाठी फंगो बॅट असते, लांब, बारीक आणि हलकी. स्वतःच चेंडू वर उडवून मारायचा आणि तो शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) उजव्या पायाशी दुसऱ्या टप्प्याला पोचला पाहिजे. पुढचा डाव्या पायाशी. आपल्याकडच्या लाल दगडाच्या मैदानावर चेंडू कसाही उसळतो, त्यामुळे हे सोपे नाही. महिनाभर आधी तू एकटीने भिंतीशी सराव कर. (खांद्याला चालेल का ते डॉक्टरांना विचारूनच.) ज्या दिवशी तुझा चेंडू सांगितलेल्या जागी पडायला लागेल त्या दिवशी मुले तोंड मिटून उभी राहतील. दुसरे, कोणाला चूक सांगायची असेल तर सगळ्यांसमोर नको, पाणी प्यायला थांबतात तेव्हा बाजूला घेऊन सांग. 'तू चुकलास' पेक्षा 'चौथ्या इनिंगला तुझं कोपर इथे होतं' असे वही दाखवून सांगितलेस तर वाद घालायला जागाच उरत नाही.

सराव सामन्यात थर्ड बेसच्या कोचच्या चौकोनात एकदा तरी उभी राहा. सेकंड बेसवरून पळत येणारा तुझ्याकडे बघतो. चेंडू आउटफिल्डमध्ये आहे, तिथल्या मुलाचा हात कसा आहे तुला माहीत आहे, आणि पळणाऱ्याला होमकडे (तिथे पोचला की धाव मिळते) धाडायचे की दोन्ही हात वर करून थांबवायचे हे तुला दोन सेकंदांत ठरवायचे आहे. कधी कधी चुकशील. चुकलीस की त्याच्या तोंडावर 'माझी चूक' म्हण. मुले अशा कोचचे ऐकतात.

एक कागदोपत्री गोष्ट. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपचा एक श्रेयांक (क्रेडिट) ३० तासांचा असतो. बी.कॉम.साठी ही इंटर्नशिप धरतील का, हे कॉलेजला आत्ताच लेखी विचार. धरोत वा न धरोत, रोजचे तास, काय केले आणि खाली सरांची सही, अशी नोंद ठेव. उद्या कुठेही अर्ज करताना ही वही तुझे पहिले प्रमाणपत्र असेल, आणि बाबांनाही ते दाखवता येईल.

शेवटी दोघांना मिळून एक काम. त्याच वहीत एक नवे पान काढा. वर मुलांची आद्याक्षरे नकोत, तिची स्वतःची हवीत. दुखायला कधी लागले, किती चेंडूंनंतर लागते, हात कुठे नेला की लागते, रात्री त्या कुशीवर झोपता येते का, दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना हात वर जातो का. आकडे बाबांनी सांगायचे, कारण रोजचे शंभर त्यांनीच मोजले आहेत. दुखण्याचे तिने सांगायचे, आणि बाबांनी मध्ये बोलायचे नाही. ते पान घेऊन म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पुढे पाठवले तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा. ओपीडीची रांग मोठी असते, सकाळी लवकर निघा. आणि त्या दिवशी तिला बसने पाठवू नका, तुम्ही सोबत जा.