‘परदेशात तर कायदेशीर आहे’ असे मुलगा म्हणतो तेव्हा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगा गांजा ओढतो. समजावायला गेलो तर म्हणतो की कॅनडात आणि जर्मनीत तो चालतो, आपल्याकडे महादेवाच्या नावाने ओढला जातो, मग मीच कोणता गुन्हा केला? त्याला काय उत्तर द्यावे, आणि उपचाराला नेले तर पोलिसांत नाव जाईल का? उत्तरादाखल एका कुटुंबाचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चोपडा तालुक्यातले हे केळी-कापूस पिकवणारे कुटुंब. मुलगा नुकताच अठरा पूर्ण झालेला, बाहेरगावी वसतिगृहात राहून पहिल्या वर्षाला शिकणारा. दिवाळीच्या सुट्टीत त्याचे कपडे धुताना आईला खिशात पुडी आणि विडी वळायचे पातळ कागद सापडले. वडिलांनी दोन कानाखाली लावल्या, मामांनी ‘महिनाभर कोंडून ठेवतात’ अशा एका केंद्राचे नाव सुचवले, आणि चार दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही. अखेर पहाटेच्या एस.टी.ने ते दोघे मुलाला न आणता जळगावला माझ्याकडे आले. आईचे पहिले वाक्य होते, “ताई, पोऱ्या हाताबाहेर गया. पन कोनले सांगू नका.”

त्यांची खरी भीती गांजापेक्षा गावाची आणि पोलिसांची होती, म्हणून मी आधी कायद्याचे सांगितले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणे आणि ओढणे हा गुन्हाच आहे. केवळ सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून शासकीय किंवा शासनमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागली, तर त्या आरोपाच्या खटल्यापासून तिला संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतले जाऊ शकते. थोडक्यात, कायदा उपचाराच्या दारात उभा राहून पकडत नाही. १४४४६ या राष्ट्रीय मदतवाणीचा क्रमांकही मी कागदावर लिहून दिला. वडिलांनी तो चौपदरी घडी करून खिशात ठेवला आणि मग कुठे समोरचा चहा उचलला. मामांचे केंद्र मात्र मी स्पष्टपणे नाकारले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून उद्भवणाऱ्या अवस्थाही येतात, त्यामुळे नोंदणी नसलेल्या जागी, डॉक्टरांच्या तपासणीविना कोणाला डांबून ठेवणे हा उपचार नव्हे.

आठवड्याने मुलगा आला. हुशार आणि तयारी करून आलेला. इथे माझी चूक झाली: मी त्याच्याशी वाद घातला. तो कॅनडा म्हणाला, मी वयाची अट सांगितली. तिथे बहुतेक प्रांतांत ती एकोणीस वर्षांची आहे. “मग जर्मनीत अठरा चालतं, मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरे होते. १ एप्रिल २०२४ पासून तिथे प्रौढांना २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येतो. मी पुढची अट काढली, की एकवीस वर्षांखालील सभासदांना तिथल्या लागवड मंडळांनी, म्हणजे सभासदांपुरता गांजा पिकवणाऱ्या संस्थांनी, महिन्याला ३० ग्रॅमपेक्षा जास्त द्यायचा नाही आणि त्यातील टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, दहा टक्क्यांहून अधिक नसावा. कायदा सैल करणाऱ्यांनीही या वयाची वेगळी काळजी घेतली आहे, आणि टपरीमागे मिळणाऱ्या पुडीवर तर टीएचसी किती ते लिहिलेले नसते, हा मुद्दा बरोबर होता. तरी ती भेट वाया गेली, कारण वादात तो हरला नाही आणि मीही जिंकले नाही. तो कशासाठी ओढतो, हे मी विचारलेच नव्हते.

खरे तर कायद्याच्या वादाला माझा विरोध नाही. आमच्याकडे शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस-तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या वरचेवर येतात, आणि बातमीत नाव येते ते बहुधा रानात राबणाऱ्याचे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तो मिळत नाही असे कोणत्या टपरीवाल्याने म्हटल्याचे मला आठवत नाही. दुसरीकडे थायलंडने २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणला. बंदीने आणि मोकळीकीने समाजाचे काय होते, यावर जाणत्यांनी जरूर भांडावे. पण रात्री अकरानंतर वसतिगृहाच्या गच्चीवर एकट्याने ओढणाऱ्या मुलाचे उत्तर त्या भांडणात नाही.

अकरानंतर आणि एकट्याने, हे त्याने दुसऱ्या भेटीत सांगितले. बारावीला क्लासच्या खोलीवर मित्रांसोबत सुरू झाले. पहिल्या सत्रात दोन विषय राहिल्यावर ते रोजचे झाले. आता ओढल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणजे गांजा हे आपले झोपेचे औषध आहे, असा त्याचा हिशेब होता. मी त्याला समजावले की रोज ओढणारा थांबला, की एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, भूक मरते, विचित्र स्वप्ने पडतात. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरू लागतो. ज्या निद्रानाशावर तो गांजा घेत होता, त्यातला मोठा वाटा गांजाचाच होता. यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

तिसऱ्या भेटीत आईवडील सोबत होते. घराण्यात कोणाला मानसिक आजार झाला होता का, असे मी विचारले. वडील ताडकन म्हणाले, “आमच्यात कोणी नाही.” आईने मान खाली घातली. थोड्या वेळाने तीच हळूच म्हणाली, “मोठ्या ननंदबाई.” मुलाची आत्या विशीत असताना कोणीतरी आपल्याला मारायला येत आहे असे म्हणू लागली होती, भिंतीशी बोलू लागली होती. घरच्यांनी बाहेरची बाधा ठरवून देवस्थाने केली. सासरहून परत आल्यापासून ती मागच्या खोलीतच राहते. मुलाला आत्या ‘थोडी वेगळी’ एवढेच माहीत होते.

मी हा प्रश्न दरवेळी विचारते, त्याला कारण आहे. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. किशोरवयात रोज आणि कडक गांजा ओढणाऱ्यांत भ्रम-भासांच्या आजाराचा धोका वाढतो, आणि रक्ताच्या नात्यात तो आजार असेल तर आणखीच. ओढणाऱ्या प्रत्येकाला तो होतो असे मुळीच नाही, आणि तसे सांगून मुलांना घाबरवले, की त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडतो. पण या मुलासाठी कॅनडाच्या कायद्यापेक्षा मागच्या खोलीतली आत्या अधिक महत्त्वाची होती, आणि नेमके तेच त्याच्यापासून लपवलेले होते. मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांना आजाराची लक्षणे आढळली नाहीत. संशय येऊ लागला किंवा आवाज ऐकू आले तर त्याच दिवशी यायचे, एवढे त्यांनी बजावले.

पुढचे काम कंटाळवाणे होते. गांजाची सवय सोडवणारी खास गोळी नाही. बोलणे, दिनक्रम आणि पाठपुरावा हेच औषध. त्याने खोली बदलून घेतली, दोन विषयांसाठी शिकवणी लावली, आणि पहिले दोन आठवडे घरी काढले. वडिलांना मी दोन गोष्टी सांगितल्या: खिसे तपासणे बंद करा, आणि जेवताना गांजाचा विषय काढू नका. “तुम्ही तंबाखू मळता ती?” असे मुलाने एकदा त्यांना विचारले, वडिलांना राग आला, पण त्यांनी हात उचलला नाही.

होळीला तो मित्रांसोबत दोनदा ओढून आला आणि स्वतःहून सांगायला आला. वडिलांनी लगेच “कोणासोबत?” असे विचारले, मी त्यांना थांबवले आणि मुलाला विचारले की तिसऱ्यांदा का नाही ओढलास. “झोप जाईल पुन्हा म्हणून,” तो म्हणाला. आत्याला अजून कोणी दवाखान्यात नेलेले नाही. तो विषय मी पुढच्या भेटीत पुन्हा काढणार आहे. ती आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, ठरली आहे.