विद्यार्थ्यांना सुरांमधली अंतरं ओळखता येतात, पण नवं नोटेशन बघून गाता येत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की विद्यार्थी नवखे नाहीत, दोन सूर वाजवले की अंतर अचूक सांगतात, पण न ऐकलेली ओळ समोर ठेवली की अडखळतात आणि ऐकलेली ओळ लिहायला बसले की अर्ध्यावर हरवतात. मी गाणं शिकवते आणि ही अडचण वारंवार बघते. माझ्या मते त्यांना अंतर कळतं, पण सुराची जागा ऐकू येत नाही.

सा-ग, म-ध आणि प-नी (सगळे शुद्ध) ही तिन्ही अंतरं चार-चार अर्धस्वरांची आहेत. तरीही ग स्वस्थ बसतो आणि नी वरच्या सा कडे ओढ घेतो. प्रत्येक सूर मागच्या सुरावरून मोजणाऱ्याचा एक सूर चुकला की पुढची अख्खी ओळ घसरते. प्रत्येक सूर सा च्या नात्याने ऐकणाऱ्याची चूक त्या एका सुरापुरती राहते. म्हणून सरावात तानपुरा सतत चालू ठेवा आणि हार्मोनियम किंवा पियानो गाऊन झाल्यावरच, पडताळणीपुरता वाजवा. सोबत वाजवलात तर विद्यार्थी त्याच्या मागे मागे जातो आणि आपण वाचून गायलो असं त्याला वाटतं. शिवाय तानपुऱ्याच्या तारेत पाचव्या हार्मोनिकमधून (मूळ सुराच्या पाचपट कंपनांच्या उपस्वरातून) उमटणारा गंधार (ग) षड्जापासून (सा पासून) सुमारे ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, पियानोचा ४००वर. हा १४ सेंटचा फरक ऐकू येऊ लागला की कान खरोखर तयार होतोय असं समजा.

आता बघून गाण्याबद्दल. ओळ दिल्यावर लगेच गाऊ देऊ नका. सा द्या आणि थोडा वेळ शांतपणे नजर फिरवू द्या: सर्वांत मोठी उडी कुठे आहे, कोमल-तीव्र कुठे आलेत, ओळ कुठे विसावते. मग एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मोठ्याने, पुढचं मनातल्या मनात, तिसरं पुन्हा मोठ्याने, आणि हाताची टाळी न थांबता. तिसऱ्या आवर्तनाचा पहिला सूर जागेवर लागला, तर मधलं आवर्तन त्याने खरंच आतून ऐकलंय. माझा सर्वांत जास्त विश्वास या कसोटीवर आहे. स्टाफ नोटेशन वापरत असाल तर आवर्तनाऐवजी बार घ्या.

सुरात अडखळणारे बरेच जण मुळात लयीत अडखळत असतात. त्यामुळे आधी तीच ओळ नुसत्या ‘ता’वर, टाळी देत म्हणायला लावा. गाताना थांबायचं नाही, मागे जाऊन दुरुस्ती करायची नाही. सूर चुकला तर सोडून द्यायचा आणि पुढची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) पकडायची. लय हवी तेवढी संथ ठेवा, पण ती मोडू देऊ नका.

लिहिण्याच्या सरावात पेन्सिल उशिरा द्या. आधी पूर्ण ओळ ऐकायची, मग नुसत्या ‘आ’वर परत गायची, मग सरगम म्हणायची, आणि शेवटी कागद. ऐकता ऐकता लिहिणारा पहिले चार सूर टिपतो आणि पाचवा त्याच्या कानावरून निघून जातो. लिहिताना समेचा सूर आणि शेवटचा सूर आधी, मधलं नंतर. दोन आवाजांची ओळ असेल तर खालचा आवाज आधी लिहायला सांगा, कारण कान आपोआप वरच्याकडे धावतो.

खरी वरची पायरी म्हणजे सा बदलणं, आणि त्यासाठी मूर्च्छनेइतका (तेच सूर ठेवून त्यांतल्या दुसऱ्या सुराला सा मानण्याइतका) चांगला सराव मला माहीत नाही. भूप रागाचे पाच सूर (सा रे ग प ध) गाऊन घ्या, गंधारावर थांबा आणि तानपुऱ्याचा सा त्या गंधारावर आणा. तेच पाच सूर आता मालकंस रागाचे होतात: ग चा सा, प चा कोमल ग, ध चा म, सा चा कोमल ध, रे चा कोमल नी. स्वर तेच, पण चेहरा पूर्ण वेगळा. हे बोटांनी पेटीवर दाखवून भागत नाही. त्या क्षणी विद्यार्थ्याला नवा सा आतून मानावा लागतो. त्यानंतर एकच सूर धरून ठेवायला सांगा आणि त्याला नावं द्या: हा पंचम आहे, आता हाच गंधार आहे, आता कोमल निषाद. दर वेळी तिथून खाली उतरत त्याने नवा सा गाठायचा. पाश्चात्त्य संगीतात रचनेच्या मध्येच स्केल बदलतं, तिथे हाच सराव उपयोगी पडतो: दोन्ही स्केलमधला सामाईक सूर शोधायचा आणि त्याच्यावर उभं राहून नाव बदलायचं. आणि ज्या रचनांमध्ये आधारस्वरच टिकत नाही, तिथे तुम्ही शिकवलेली अंतरं पुन्हा कामाला येतात, म्हणजे ती मेहनत वाया गेलेली नाही.

सूर ऐकताच तो पेटीवरची नेमकी कोणती पट्टी आहे हे सांगता आलं पाहिजे, अशी काही विद्यार्थ्यांना धास्ती असते. या कामासाठी त्याची गरज नाही हे त्यांना स्पष्ट सांगा.

सराव रोज थोडा, पण दर वेळी नव्या ओळीवर. दुसऱ्यांदा गायलेली ओळ निम्मी आठवणीतूनच येते. इतक्या ओळी कुठून आणायच्या हा प्रश्न पडेल, तर विद्यार्थ्यांनाच एकमेकांसाठी लिहायला सांगा, अट एवढीच की वाद्याला हात न लावता लिहायची आणि दुसऱ्याने गायल्यावर चूक लिहिणाऱ्यानेच ओळखायची.