सरपंच झालीस, आता नमुना आठ उघड

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. पंचायतीच्या खात्यात बघितलं तर काहीच नाही, मग लोकांना दिलेला शब्द पाळायचा कशाच्या जोरावर, असं विचारलंस. खरं सांगतो, पैसा कमीच येतो, कुणी कितीही गोड बोलून नाही म्हटलं तरी. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतीचे म्हणून लिहिले गेले, पाणी, रस्ते, शाळा, आरोग्य सगळं त्यात आलं, पण विषय आले तसा पैसा आणि माणसं काही खाली आली नाहीत. एक ग्रामसेवक, त्याच्याकडे बऱ्याचदा दोन-दोन गावं, एक शिपाई, एक पाणी सोडणारा, एवढ्यावर गाव चालवायचं.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या हिशोबावर अहवाल काढला होता, तो डोक्यात ठेव. २०२२-२३ ला देशातल्या एका पंचायतीचं सरासरी उत्पन्न २१ लाख २३ हजार, त्यात केंद्राचं अनुदान १७ लाखांच्या आसपास, राज्याचं सव्वातीन लाख, आणि पंचायतीने स्वतः करातून गोळा केलेले किती, तर २१ हजार. वर्षाला! म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, यात पाणी सोडणाऱ्याचा पगारसुद्धा निघत नाही.

बरं, जो पैसा वरून येतो तोही आपल्या मर्जीने खर्च करता येत नाही. २०२१ ते २०२६ च्या पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के बंधित होता, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा, अर्धा पाण्यावर अर्धा स्वच्छतेवर, राहिलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करायचा नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला १०-१० टक्के होते, पण २०२२ पासून निवडणुका रखडल्या, प्रशासक बसले आणि तो वाटा अडकून पडला. सोळाव्या आयोगाच्या अटी तू स्वतः वाच, कुणी सांगेल त्यावर जाऊ नको.

सगळ्यात जास्त जीव कुठे तुटतो सांगू का, पाणी योजनेवर. जलजीवन मिशनमधून टाकी झाली, पाइपलाइन झाली, घरोघरी नळ आले, फीत कापली, फोटो झाले, आणि दुसऱ्या महिन्यापासून मोटारीचं लाईट बिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, जळालेली मोटार, फुटलेला व्हॉल्व्ह सगळं पंचायतीच्या माथी. बांधायला कोट्यवधी मिळतात, चालवायला कुणी देत नाही. बिल थकलं की कनेक्शन कट, मग नळ असूनही बायका हंडा घेऊन विहिरीवर. हे बघून मला आजही राग येतो. वर भांडायचं असेल तर यासाठी भांड, आमदार फंडाच्या सभामंडपासाठी किंवा पंचवीस-पंधराच्या, म्हणजे राज्याच्या मूलभूत सुविधांच्या निधीतल्या, पेव्हिंग ब्लॉकसाठी मुंबईच्या चकरा मारू नको, ती कामं कॉन्ट्रॅक्टर स्वतःच मंजूर करून आणतात.

पण भांडायच्या आधी आपलं घर बघायला लागतं. नमुना आठ, म्हणजे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर, काढ आणि ते हातात घेऊन गावात फीर. स्लॅबची दोन मजली घरं कागदावर अजून मातीची दिसतील, नवीन गाळ्यांची नोंदच नसेल, मोबाईल टॉवरवाल्याला वर्षानुवर्षं बिलच गेलेलं नसेल. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला पाहिजे, ती होत नाही कारण ज्याची घरपट्टी वाढवायची त्याच्याच दारात मत मागायला जायचं असतं. तू तर थेट जनतेतून आलीस, तुला हे जास्तच टोचणार. म्हणून सुरुवात सदस्यांपासून कर, थकबाकीदार सदस्य ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो हे त्यांनाही माहीत असतं, मग गावातल्या मोठ्या खातेदारांकडे जा. आणि विधवेच्या, मजुराच्या दारात नोटीस घेऊन पहिल्यांदा जाऊ नको, वसुली वाढवायच्या नादात मी हे होताना बघितलंय, ते चुकीचंच आहे.

संभाजीनगरजवळचं पाटोदा माहितीये ना, माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांचं, कर पूर्ण भरणाऱ्याला वर्षभर दळण मोफत. लोकांना आपण भरलेला पैसा डोळ्याने दिसला म्हणून ते चाललं. तूही ग्रामसभेत जमाखर्च फळ्यावर लिही, मोठ्या अक्षरात, इतके आले, इतके लाईट बिलात गेले, इतके उरले.

मात्र पाटोद्याचं उदाहरण देऊन कुणी म्हणालं की सगळ्या गावांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, तर मान डोलावू नको. नंदुरबारच्या किंवा मेळघाटातल्या पाड्यावर घरपट्टी लावून लावून किती लावणार? तिथे सरकारनेच द्यायला पाहिजे आणि देता येतं, पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळायला लागला तो काय आकाशातून आला का? काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. तसा मोकळा पैसा बाकीच्या लहान पंचायतींनाही मिळाला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तालुक्यातल्या सरपंचांनी एकत्र येऊन हे मागितलं पाहिजे, एकट्या सरपंचाचं निवेदन पंचायत समितीत बीडीओच्या टेबलावरच राहतं.

आता एक कर. पाणी योजनेची मागच्या बारा महिन्यांची लाईट बिलं, दुरुस्तीच्या पावत्या आणि चालू नळ किती त्याची यादी काढून ठेव, रविवारी फोन कर, पाणीपट्टी किती बसते ते दोघं मिळून काढू आणि येत्या ग्रामसभेत तोच आकडा मांड.