भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरचं हवामान खरंच जगात सर्वांत चांगलं आहे का? तिथे कायमचं राहायला जावं का?

चांगलं आहे. पण "जगात सर्वांत चांगलं" म्हणणारे बहुतेक जण मे महिन्यात आठवडाभर येऊन गेलेले असतात. मी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वालेन्सियात राहते. तुमच्या या प्रश्नावरून आमच्या घरात जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

वाद धाकट्या दिरांशी. ते हॅम्बुर्गला असतात. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "वहिनी, तुमचं काय, बारा महिने सुट्टी!" इथल्या गारठ्याबद्दल मी अवाक्षर काढलं की हसायला लागतात. जानेवारीत दुपारी 16-17 अंश, याला कोणी थंडी म्हणतं का? आकडा खरा आहे. शहरात नाव घेण्यासारखा बर्फ पडला तो 1960 साली. पण हा आकडा रस्त्यावरचा आहे आणि झोपायचं असतं घरात, एवढं साधं म्हणणं त्यांच्या गळी उतरेना.

मग एका जानेवारीत भावजी आणि जाऊ दोघंही आले. पहिल्या दुपारी मालवारोसाच्या किनाऱ्यावर अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून फोटो काढले आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवले. ऊनही तसंच होतं, स्वच्छ आणि कोवळं. त्या उन्हाची बरोबरी कशाशीच होत नाही, हे मीही मान्य करते. संध्याकाळी घरी आलो. आमची इमारत जुनी आहे. फरशी गार, खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या, एकेरी काचेच्या, आणि सगळ्या खोल्या गरम करणारी सोय नाही. इथली जुनी घरं बांधली आहेत ती ऑगस्टचा उकाडा बाहेर ठेवण्यासाठी, आणि जानेवारीतलं ऊनही ती तितक्याच इमानाने बाहेर ठेवतात. रात्री बैठकीच्या खोलीत 13 अंश होते. त्यात समुद्राची दमट हवा. अंथरुणात शिरलं की चादर ओली आहे की नुसती गार, तेच कळत नाही. कपाटामागच्या भिंतीवर दर हिवाळ्यात बुरशी धरते, ती वेगळीच.

भावजी जाकीट घालून घरभर रेडिएटर शोधत होते. आमच्याकडे चाकांचा तेलाचा हीटर आहे, तो या खोलीतून त्या खोलीत ओढत न्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी हीटर चालू, ओव्हन चालू, आणि जाऊने केस वाळवायचं यंत्र लावलं. सगळं घर अंधारात! स्पेनमध्ये तुम्ही ठरावीक किलोवॅटचा भार मंजूर करून घेता, त्याच्या वर गेलात की मीटर वीज तोडतो. शेजारच्या आजींकडे निदान गोल टेबलाला जमिनीपर्यंत जाड कापड आणि त्याखाली विजेची शेगडी आहे. पूर्वी तिथे निखारे ठेवत. बाकी घर कितीही गारठो, टेबलाभोवती बसलेल्यांचे पाय ऊबदार राहतात.

तिसऱ्या दिवशी भावजी दोन पांघरुणांतून म्हणाले, "आमच्याकडे बाहेर उणे पाच असलं तरी घरात 21 असतात." अहो, मग मी इतकी वर्षं काय सांगत होते? परत गेल्यावर पहिल्याच फोनवर म्हणे, हवामान उत्तमच आहे, तुम्ही घर बदला. घर बदलायचे पैसे हवामान देणार आहे का?

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगते. अटलांटिक महासागरातल्या अझोरेस बेटांजवळचा हवेच्या उच्च दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून डोक्यावर बसतो आणि पाऊस अडवतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला गेला की पश्चिमी वारे पाऊस आणतात. म्हणजे ऐन उकाड्यातच पाणी नसतं. त्यात ऑगस्टमध्ये समुद्रच इतका तापलेला असतो की रात्री हवा निवत नाही. पारा 20 च्या खाली उतरत नाही अशा रात्रीला इथे "उष्णकटिबंधीय रात्र" म्हणतात. हल्ली 25 च्या खाली न उतरणाऱ्याही रात्री येतात.

शरद ऋतू सुंदर, पण त्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तापलेला समुद्र आणि वर आलेली थंड हवा यांची गाठ याच दिवसांत पडते. वालेन्सियात वर्षाला साधारण 450 मिलिमीटर पाऊस पडतो. 29 ऑक्टोबर 2024 ला जवळच्या तुरीस गावात एका दिवसात 770 मिलिमीटरहून जास्त पडला. शहराच्या दक्षिणेला पायपोर्तात तर जेमतेम भुरभुर होती, तरी वरून ओढ्याने आलेलं पाणी घराघरांत शिरलं. मोबाईलवर इशारा आला रात्री 8 वाजून 11 मिनिटांनी, तोवर लोक वाहून जात होते. या पुरात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. शहराचा मध्य वाचला, कारण 1957 च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून दक्षिणेकडे वळवली होती. जुन्या पात्रात आता बाग आहे, मी तिथे रोज चालायला जाते. तेव्हा पावसाची सरासरी बघू नका, पूररेषेचा नकाशा बघा.

आता राहायला यावं का? या, पण मुक्काम मेमध्ये नको, जानेवारीत करा, हॉटेलात नको, भाड्याच्या घरात करा. दक्षिणेकडे उघडणारी खिडकी असेल तर घर अर्धं जिंकलं. मंजूर भार किती किलोवॅटचा आहे तेही विचारा.

आणि हो, सगळा किनारा एकसारखा नाही. फ्रान्समधल्या मार्सेयला मिस्त्राल वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो, इटलीतल्या त्रिएस्तेला बोरा वारा माणसाला उभं राहू देत नाही, दक्षिण स्पेनमधल्या मालागाचा हिवाळा मात्र आमच्यापेक्षा सौम्य. शिवाय मी बोलले ते जुन्या घरांबद्दल. स्पेनमध्ये 1979 पर्यंत भिंतींना उष्णतारोधक थर घालायची सक्तीच नव्हती, नियम नीट कडक झाले ते 2006 मध्ये. म्हणून इमारतीचं साल आधी विचारा. 2006 नंतरच्या इमारतीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला माझी तक्रार कळतच नाही. तिचं भाडं मात्र आमच्या दीडपट आहे.