ब्रॉयलरच्या खाद्यात चोथा आणि डीडीजीएस : वाचकांचे प्रश्न

आंबवलेल्या धान्याबद्दल येणाऱ्या पत्रांत एक समजूत हटता हटत नाही : धान्य आंबवले की त्यातले बुरशीचे विष मरते. तिचा समाचार खाली घेतलाच आहे. आधी किरकोळ प्रश्न.

प्रश्न : बियर कारखान्यातला ओला चोथा ब्रॉयलरला थेट घालता येईल का?

घालू नका. त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असते. पक्ष्याचे पोट भरते, वजन भरत नाही. उष्ण हवेत दोन-तीन दिवसांत तो बिघडतो. वाळवला तरी तंतुमय भाग जास्तच राहतो; गाई-म्हशींना तो पचतो, ब्रॉयलरला नाही.

प्रश्न : आंबलेल्या खाद्याने कोंबड्यांना नशा चढते का?

नाही. कारखान्यात धान्य आंबवून त्यातले अल्कोहोल काढून घेतल्यावर जे उरते, ते वाळवले की डीडीजीएस होते.

प्रश्न : मक्याचे डीडीजीएस किती घालावे?

पहिल्या आठवड्यात शक्यतो नकोच. पुढे चांगला माल असेल तर १० टक्क्यांच्या आसपास. पण सोयापेंड काढली आणि तेवढेच डीडीजीएस टाकले, असा हिशेब चालत नाही. यात लायसिन (प्रोटीनचा एक आवश्यक घटक) कमी असते आणि जास्त तापून काळपट झालेल्या मालात तर तेही पचत नाही. फॉर्म्युला आहारतज्ज्ञाकडून नव्याने बसवून घ्या.

प्रश्न : पोत्यात थोडी बुरशी दिसली. माल आंबवलेलाच आहे, मग विष मेले असेल ना?

नाही, नाही आणि नाही! आंबवण्याने अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने सोडलेले विष, जाईल असा भरवसा धरू नका. उकळून, वाळवूनही ते टिकते. उलट यीस्ट धान्यातला स्टार्च खाऊन टाकते, एक-तृतीयांशच माल उरतो आणि मूळ मक्यात जे विष होते, ते त्या उरलेल्यात जवळपास तिप्पट दाट होते. ढेकूळ फोडून आतली हिरवट भुकटी झटकली, उन्हात घातले, की झाले, हे शेजाऱ्याचे शास्त्र. बुरशी झटकता येते, विष नाही. बुरशी दिसत नाही म्हणून विष नाही, असेही नसते. मेलेला पक्षी उघडला आणि यकृत पिवळट, सुजलेले, बोटाने दाबताच फुटणारे निघाले, तर संशय घ्या आणि पशुवैद्यकाला दाखवा. तपासणीला एका पोत्यातली मूठभर पुरत नाही, कारण विष सगळीकडे सारखे पसरलेले नसते. अनेक पोत्यांतून, वरून-मधून-खालून घेऊन, मिसळून नमुना पाठवा. टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवायला खाद्यात मिसळतात तो पदार्थ) मदतीला असतो. सडका माल खपवायला नव्हे. सगळ्या विषांवर तो सारखा चालतही नाही.

प्रश्न : व्यापारी म्हणतो तांदळाच्या डीडीजीएसमध्ये ४५ टक्के प्रोटीन आहे, तरी स्वस्त. घ्यावे का?

एवढे प्रोटीन तांदळाच्या मालात असू शकते. पण नेहमीच्या तपासणीत प्रोटीन नव्हे, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून आकडा काढतात. युरिया मिसळला की आकडा फुगतो. कोंबडीला त्याचा उपयोग शून्य. अहवालात युरिया वेगळा तपासून मागा. व्यापारी कां-कूं करू लागला, तर उत्तर मिळालेच.

प्रश्न : गव्हाचा कोंडा घरी आंबवला तर?

चालेल, पण झाकण घट्ट हवे आणि सामू (पीएच, आंबटपणाचे माप) ४.५ च्या खाली उतरायला हवा. वास दह्यासारखा आंबट यावा. कुजका आला किंवा वर रंगीत साय धरली, तर सगळा माल फेकून द्या. कोंबड्यांच्या खाद्याच्या भांड्यात उरलेले संध्याकाळपर्यंत ठेवू नका.

प्रश्न : नवा लॉट सुरू केल्यापासून आठ दिवस विष्ठा पातळ आहे, शेडमध्ये पक्ष्यांखाली अंथरलेली गादी ओली आहे. अजून थोडे थांबून पाहू का?

आठ दिवस कशाची वाट पाहिलीत? तो लॉट आजच बंद करा, अर्धा किलो नमुना कोरड्या पिशवीत बंद करून ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. कारण जादा मीठही असेल, कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवी रोगही असेल. ते इथून सांगता येत नाही.