मॉड घातले, पण गेम बिघडला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्कायरिम स्पेशल एडिशन या गेममध्ये एका मॉडने (गेममध्ये बदल करणाऱ्या जोड-फाइलने) तलवारीचं वजन कमी होतं, दुसऱ्याने तिचा मार वाढतो. दोन्ही चालू ठेवले तर मार वाढतो, वजन मात्र जुनंच राहतं. 'लूट' या मॉडचा क्रम लावणाऱ्या साधनाने क्रम लावूनही फरक नाही.

उत्तर : 'लूट' फक्त क्रम लावतं, दोन मॉडची सांगड घालत नाही. या गेममध्ये प्रत्येक वस्तूची एक नोंद असते आणि वजन, किंमत, मार हे सगळं त्या एकाच नोंदीत असतं. मॉड वजन बदलतो तेव्हा तो सगळी नोंद आपल्यासोबत आणतो, त्यातला मार मूळ गेमचाच असतो. यादीत जो शेवटी, त्याची अख्खी नोंद चालते. म्हणून क्रम उलटा केलात तर वजन कमी होईल, पण मार पुन्हा मूळपदावर येईल.

यावर खरा उपाय म्हणजे छोटा पॅच, म्हणजे दोन्ही मॉडचे बदल एकत्र आणणारी फाइल. एसएसईएडिट हे नोंदी पाहण्या-बदलण्याचं साधन उघडा (मॉड सांभाळायला मॉड ऑर्गनायझर वापरत असाल तर त्याच्यातूनच, नाहीतर एसएसईएडिटला तुमचे मॉड दिसणारच नाहीत). दोन्ही प्लगइन (मॉडच्या नोंदींच्या फाइली) निवडून लोड करा आणि तलवारीची नोंद शोधा. उजवीकडे शेजारी शेजारी रकाने दिसतील : मूळ गेम, पहिला मॉड, दुसरा मॉड. शेवटच्या मॉडमधल्या नोंदीवर राइट-क्लिक करून ती ओव्हरराइड (आधीच्या नोंदीच्या जागी चालणारी नोंद) म्हणून नव्या फाइलमध्ये कॉपी करा. मग पहिल्या मॉडच्या रकान्यातलं वजन उचलून नव्या रकान्यात ओढा, सेव्ह करा आणि हा पॅच यादीत दोघांच्या खाली ठेवा. फाइल बनवताना ईएसएल खुणेचा, म्हणजे हलक्या प्लगइनचा, पर्याय घ्या. पूर्ण प्लगइन २५४ च्या पुढे जात नाहीत, हलके मात्र ४०९६ पर्यंत चालतात. तेव्हा एवढ्याशा पॅचसाठी पूर्ण जागा अडवू नका.

एकदा हे जमलं की 'हे दोन मॉड एकत्र चालतात का?' हा प्रश्न कोणाला विचारावा लागत नाही. रकाने उघडले की उत्तर समोर असतं. मॉडिंगमधलं एकच कौशल्य शिकायचं असेल तर हे शिका.

प्रश्न : काल चालणारा गेम आज मेन्यूपर्यंतही जात नाही. एकही मॉड बदललेला नाही.

उत्तर : बहुधा गेम अपडेट झाला आहे. स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे एसकेएसई (बऱ्याच मॉडना लागणारा जोड-प्रोग्राम), गेमच्या ईएक्सई फाइलच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेला असतो. १.५.९७ साठीचा १.६.११७० वर चालत नाही, त्यावर उभे असलेले डीएलएल मॉडही नाहीत. ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती पाहा आणि तिच्याच जोडीचा एसकेएसई व अॅड्रेस लायब्ररी (डीएलएल मॉडना लागणारी जोड) घ्या. पुढे हा त्रास टाळायला स्टीममध्ये 'गेम सुरू करतानाच अपडेट' हा पर्याय ठेवा आणि गेम नेहमी एसकेएसईच्या लोडरनेच उघडा.

प्रश्न : खेळाच्या मध्यावर मॉड काढला तर चालतं का?

उत्तर : नुसतं टेक्स्चर किंवा आवाज बदलणारा असेल तर खुशाल काढा. स्क्रिप्ट, क्वेस्ट किंवा नवी ठिकाणं आणणारा असेल तर नाही. त्याच्या स्क्रिप्टची माहिती सेव्हमध्ये शिरलेली असते आणि प्लगइन गेल्यावरही तिथेच पडून राहते. गेम लगेच कोसळत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि बिघाड कित्येक तासांनी वर येतो. मॉड घालण्यापूर्वीच्या सेव्हवर परत जा. सेव्हची प्रत ठेवताना ईएसएस फाइलसोबत (हीच मुख्य सेव्ह) त्याच नावाची एसकेएसई फाइलही घ्या.

प्रश्न : स्टारड्यू व्हॅलीत मॉड दिसत नाही, काळ्या खिडकीत लाल ओळी येतात.

उत्तर : त्या ओळी वाचा, एसएमएपीआय (या गेममध्ये मॉड चालवणारा प्रोग्राम) कारण स्पष्ट सांगतं. सहसा कंटेंट पॅचरसारखा, त्या मॉडला आधी लागणारा दुसरा मॉड घातलेला नसतो किंवा मॉड जुन्या आवृत्तीचा असतो. लाल ओळींत मॉडचं नावच नसेल, तर झिप न उघडता तशीच मॉड्स फोल्डरमध्ये टाकली आहे का ते पाहा. फोल्डरच्या आत मॅनिफेस्ट.जेसन ही फाइल दिसली पाहिजे.

प्रश्न : मॉड घालून ऑनलाइन खेळलं तर बंदी येते?

उत्तर : अँटी-चीट (फसवणूक पकडणारी यंत्रणा) असलेल्या सर्व्हरवर येऊ शकते, मॉड निरुपद्रवी असला तरी. तिथे मूळ गेमच खेळा.

प्रश्न : माइनक्राफ्ट जावा आवृत्तीला १२ जीबी रॅम दिली, तरी गेम अडखळतो. फॅब्रिक या मॉड-लोडरवर सोडियम हा गेमचा वेग वाढवणारा मॉड आहे.

उत्तर : रॅम कमी करून पाहा. जावा नको झालेला डेटा वेळोवेळी झाडून काढतं. ढीग मोठा होऊ दिला की ती झाडझूड लांबते आणि तेवढा वेळ चित्र थांबतं. मोजके मॉड असतील तर लाँचरच्या जेव्हीएम आर्ग्युमेंटमध्ये (जावाच्या सेटिंगच्या ओळीत) एक्सएमएक्सची, म्हणजे रॅमच्या कमाल मर्यादेची, किंमत ४ जीबी ठेवा, मोठ्या मॉडपॅकला ६ ते ८. सोबत ऑप्टिफाइन हा तसाच दुसरा मॉड असेल तर काढा. सोडियम आणि ऑप्टिफाइन दोन्ही चित्र काढण्याचं तेच काम बदलतात, त्यामुळे ती एकत्र नांदत नाहीत. फोर्ज या दुसऱ्या लोडरसाठी बनवलेली जार फाइल फॅब्रिकच्या मॉड्स फोल्डरमध्ये आली असेल तर तीही काढा. एवढं करूनही अडखळत असेल तर निम्मे मॉड बाजूला ठेवून गेम चालवा. सुरळीत चालला तर दोषी बाजूला ठेवलेल्या निम्म्यात आहे, नाहीतर उरलेल्यात. तेच पुन्हा निम्मे करत गेलं की ३२ मॉडमधला एक पाच फेऱ्यांत सापडतो. फक्त फॅब्रिक एपीआय प्रत्येक फेरीत जागेवर ठेवा, बहुतेक मॉड त्यावरच चालतात.