नुसतं "ओसी ०.४५" लिहून पाठवू नका : मातीच्या सामायिक डेटा सेंटरबद्दल वाचकांचे प्रश्न

सगळ्या देशांनी मातीची माहिती एकत्र ठेवायची या विषयावर मागे लिहिलं, तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत. निम्म्या लोकांना वाटतं हा मोठा सर्व्हर घ्यायचा मामला आहे, उरलेल्यांना वाटतं कोणीतरी आपली माती पळवतंय. म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून, नावं काढून, एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : भारताच्या मातीचा सगळा डेटा नेदरलँडला विकला असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का?

नाही हो. तो फॉरवर्ड मलाही चार ठिकाणांहून आलाय. नेदरलँडमध्ये १९६६ साली मातीचं आंतरराष्ट्रीय म्युझियम म्हणून एक संस्था सुरू झाली, आधी उट्रेख्टला, आता वागेनिंगेन नावाच्या गावात, जगभरातल्या खड्ड्यांचे उभे काप तिथे भिंतीवर लावलेले असतात. तीच आजची इस्रिक. १९८९ पासून ती मातीचं जागतिक डेटा सेंटर म्हणून काम करते. त्यांच्या वोसिस नावाच्या डेटाबेसच्या २०२३ च्या प्रतीत १७४ देशांतले सुमारे २ लाख २८ हजार प्रोफाइल आहेत. प्रोफाइल म्हणजे काय, तर कुठेतरी खोल खड्डा खणला, थर मोजले, प्रत्येक थराची माती लॅबमध्ये तपासली, त्याची नोंद. तुमचा सातबारा नाही, नाव नाही, कर्ज तर नाहीच नाही. आणि विकायचं म्हणाल तर उलट आहे, यातला बराचसा डेटा कोणीही फुकट डाउनलोड करू शकतं, फक्त श्रेय द्यायचं. काही देणारे अट घालतात की नकाशा बनवायला वापरा पण मूळ आकडे पुढे वाटू नका, तर ते वाटत नाहीत. एखाद्या डेटाच्या मालकीबद्दल शंका असेल तर ज्या खात्याने तो गोळा केला त्या खात्याला लेखी विचारा, ग्रुप ॲडमिनला नको.

प्रश्न : असं सेंटर उभारायला सर्व्हर केवढा लागेल?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. दोन लाख प्रोफाइलचं टेबल तुमच्या लॅपटॉपवर मावतं.

प्रश्न : माझ्या सॉइल हेल्थ कार्डचे आकडे त्यात असतात का?

ती दोन वेगळी कामं आहेत. कार्ड २०१५ पासून मिळतंय, त्यात वरच्या १५ सेंटीमीटरचे १२ गुणधर्म येतात, ते खतासाठी. प्रोफाइल दीड-दोन मीटर खाली जातं, ते जमीन समजून घ्यायला. कार्डावरचं काही कळत नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

प्रश्न : आमचं पुण्यात स्टार्टअप आहे. सॉइलग्रिड्सचा (इस्रिकचा जगभरचा मातीचा नकाशा) २५० मीटरचा फुकट डेटा घेऊन शेतकऱ्याला माती परीक्षणाशिवाय खताचा डोस सांगायचं ॲप करतोय. काही सल्ला?

करू नका, हाच सल्ला. २५० बाय २५० मीटर म्हणजे सव्वासहा हेक्टर, १५ एकरांच्या वर. त्या एका चौकोनात आपल्याकडे चार भावांची शेतं, एक ओढा आणि ओढ्याकाठची वेगळीच माती बसते. दुसरं म्हणजे तो डेटा मोजलेला नाही, अंदाज आहे. जगभरातल्या सुमारे २ लाख ४० हजार प्रोफाइलवरून आणि उपग्रह, हवामान, चढउतार वगैरे थरांवरून मॉडेलने काढलेला. तिसरं, आणि हे तुमच्या कोणी लक्षात कसं आणून दिलं नाही, त्यात उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) नाहीतच! सामू (पीएच) आहे, सेंद्रिय कर्ब आहे, चिकणमाती-पोयटा-वाळू आहे, एकूण नत्र आहे. मग डोसातला स्फुरद तुम्ही आणणार कुठून?

बनवणाऱ्यांनी प्रत्येक आकड्यासोबत खालची आणि वरची मर्यादाही दिलीय, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे ते दिसावं म्हणून. ॲपवाले नेमकं तेच काढून टाकतात आणि मधला आकडा हिरव्या गोलात दाखवून वर "उपग्रहाद्वारे माती परीक्षण" लिहितात. नदीखोऱ्याचा, जिल्ह्याचा विचार करायचा असेल तर हा डेटा सोन्यासारखा आहे. एका वावराला बॅग मोजून द्यायला नाही. ॲप करायचंच असेल तर आधी एखाद्या मृदाशास्त्रज्ञाला पगारावर घ्या, नुसतं सल्लागार म्हणून वेबसाइटवर फोटो लावायला नको.

प्रश्न : आमच्या विभागात जवळपास तीस वर्षांचे माती परीक्षणाचे रिझल्ट एक्सेलमध्ये आहेत. पीएच, ईसी (क्षारांचं माप), ओसी (सेंद्रिय कर्ब, टक्क्यांत), एनपीके सगळं. आंतरराष्ट्रीय डेटाबेसला तसेच पाठवले तर चालतील ना? कोणती पद्धत वापरली ते प्रत्येक ओळीला लिहायला सांगतात, ते उगाच वाटतं. ओसी म्हणजे ओसी.

बसा जरा. हे उत्तर मोठं होणार आहे.

ओसी म्हणजे ओसी नसतं. समजा तुमच्या शीटमध्ये ०.४५ लिहिलंय. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धत, १९३४ ची. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट, वर सल्फ्युरिक ॲसिड, बाहेरून आच नाही, ॲसिडच्याच उष्णतेत जेवढं जळेल तेवढं जळतं. सगळा कर्ब त्यात जळत नाही, सरासरी ७७ टक्के धरतात, म्हणून १.३ ने गुणायचं. आता सांगा, तुमचा ०.४५ गुणण्याआधीचा की नंतरचा? आधीचा असेल तर खरा आकडा ०.५९ च्या आसपास. आपल्याकडे ढोबळमानाने ०.५ च्या खाली कमी आणि ०.५ ते ०.७५ मध्यम म्हणतात, म्हणजे एका गुणाकारात जमीन कमीवरून मध्यमवर गेली, शेतात काही न करता. आणि टायटल चुकून ओसी असेल पण आकडे सेंद्रिय पदार्थाचे असतील, हेही मी भरपूर पाहिलंय, तर १.७२४ ने भागायचं आणि मग तोच ०.४५ चा ०.२६ होतो. एका लॅबच्या जुन्या रजिस्टरमध्ये ओसीच्या रकान्यावर कोणीतरी पेन्सिलने "१.३" लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. त्या माणसाला माझा नमस्कार, निदान त्याला प्रश्न तरी पडला. एक्सेलमध्ये टाइप करणाऱ्याने ती पेन्सिल वगळली, अर्थातच.

पुढे ऐका. आता लॅबने नवीन मशीन घेतलं, जे माती भट्टीत पूर्ण जाळून कर्ब मोजतं. कंपनीचा माणूस म्हणतो जास्त अचूक. अचूक आहेच, पण ते एकूण कर्ब मोजतं. आपली काळी जमीन, त्यात चुनखडी, आणि चुनखडीच्या वजनात १२ टक्के कर्बच असतो. जमिनीत १० टक्के चुनखडी असेल तर १.२ टक्के कर्ब तिथूनच आला. आधी ॲसिडने चुनखडी घालवली नाही किंवा वेगळी मोजून वजा केली नाही तर ०.५ वाली जमीन मशीनवर १.७ दाखवते, आणि जागतिक नकाशावर मराठवाडा एकदम सुपीक होतो. कार्बन क्रेडिटवाले अशा आकड्यांवर किती खूश होतील ते तुम्हीच बघा.

स्फुरदाचं तेच. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीला ब्रे पद्धत, घाटावरच्या चुनखडीच्या जमिनीला ओल्सन. दोन्ही द्रावणं मातीतून वेगवेगळा स्फुरद ओढतात, एका रकान्यात टाकले की दोन्ही वाया. त्यात एकक. आपण किलो प्रति हेक्टर लिहितो, बाहेर मिलिग्रॅम प्रति किलो लागतं, मध्ये २.२४ ने भागायचं, कारण १५ सेंटीमीटर जाडीचा एक हेक्टर थर २२ लाख ४० हजार किलोचा धरलेला असतो. बरं, समजा शीटमध्ये १४ किलो लिहिलंय, तर ते स्फुरद की त्याचं ऑक्साइड, ज्या रूपात खताच्या बॅगवर टक्के लिहितात? स्फुरद असेल तर सव्वासहा मिलिग्रॅम, ऑक्साइड असेल तर २.७. एकक आणि पद्धत न लिहिलेला आकडा म्हणजे "दोन वाट्या" लिहिलेली आजीची रेसिपी, वाटी आजीबरोबर गेली.

पोताचंही, म्हणजे कणांच्या आकाराचंही सांगून टाकतो, कारण हे कोणी विचारतच नाही. ०.०३ मिलिमीटरचा कण अमेरिकन पद्धतीत पोयटा, कारण तिथे वाळू ०.०५ पासून सुरू होते. आपल्या अनेक लॅबमध्ये जी जुनी आंतरराष्ट्रीय पद्धत चालते तिथे वाळू ०.०२ पासून, म्हणजे तोच कण वाळू. पीएच पाण्यात काढला की कॅल्शियम क्लोराइडमध्ये, मातीला पाणी एकास अडीच की एकास पाच, तेही हवं. आणि कृपा करून रिकाम्या घरात शून्य टाकू नका. मोजलं नाही आणि सापडलं नाही यात फरक आहे.

तर तसेच पाठवले तर चालतील का? नाही. ज्या वर्षांत लॅबमध्ये कोण होतं त्यांना शोधा, रिटायर झाले असतील तर घरी जा, कोणत्या साली कोणती पद्धत होती ते लिहून घ्या. माहीत नसेल तिथे "अज्ञात" लिहा, अंदाजाने वॉकली-ब्लॅक लिहू नका. पाठवण्याआधी नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोशी बोला, १९७६ पासून ते हेच काम करतायत.

प्रश्न : मग सगळे देश एकच पद्धत ठरवेपर्यंत थांबलेलं बरं नाही का?

थांबणं आपल्याला फार आवडतं. युरोपात मातीच्या कायद्याचा प्रस्ताव २००६ मध्ये आला, देशादेशांत जुळेना, २०१४ मध्ये मागे घेतला. नवा मसुदा २०२३ मध्ये आला आणि मंजूर व्हायला २०२५ उजाडलं. पण मधल्या काळात ते हात बांधून बसले नव्हते. इटलीत इस्प्रा इथे युरोपियन सॉइल डेटा सेंटर चालूच होतं, आणि लुकास सर्वेक्षणात २००९ ला २५ देशांतून सुमारे २० हजार नमुने उचलले, सगळे वरच्या २० सेंटीमीटरचे, आणि सगळे एकाच लॅबमध्ये तपासले. पद्धतीची भांडणं मिटवली नाहीत, बाजूला ठेवली.

प्रत्येकाला हे परवडणार नाही, मान्य. त्यासाठी २०१७ पासून एफएओचं (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) ग्लोसोलान हे माती लॅबचं नेटवर्क आहे. तिथे एकच माती अनेक लॅबना पाठवून कोणाचा आकडा किती हलतो ते बघतात. तुमची लॅब त्यात नसेल तर प्रमुखांना विचारा का नाही.

प्रश्न : मी नैरोबीत काम करतो. इथे चर्चा असते की डेटा एका मध्यवर्ती ठिकाणी द्यायचा की प्रत्येक देशाने आपल्याकडे ठेवून फक्त जोडायचा. तुमचं मत?

एफएओच्या ग्लोसिस या जागतिक माती-माहिती व्यवस्थेची कल्पना दुसरी आहे, डेटा देशाकडे, मध्ये फक्त जोडणी. त्यामुळे देश तयार होतात, हे खरं. ५ डिसेंबर २०१७ ला आलेला सेंद्रिय कर्बाचा जागतिक नकाशा याच मार्गाने झाला, देशांनी आपापला भाग आपल्या डेटावरून केला आणि मग जोडला. सीमेवर काही ठिकाणी रंग तुटतो, तुटू दे, निदान आकड्यामागे कोण उभं आहे ते कळतं.

माझी भीती वेगळी आहे. देणगीचा प्रोजेक्ट संपला की सर्व्हरचं बिल कोण भरणार? लिंक दाबली की पान उघडत नाही, हे आफ्रिकेत आणि आपल्याकडे सारखंच. म्हणून डेटा देशाकडे राहू दे, पण दरवर्षी तारीख घातलेली एक गोठवलेली प्रत बाहेरच्या भरवशाच्या आर्काइव्हमध्ये जायला हवी, आणि हे करारातच लिहा. करार मात्र वकिलाकडून आणि तिथल्या राष्ट्रीय मृदा संस्थेकडून तपासून घ्या, मी नैरोबीचे कायदे जाणत नाही.

प्रश्न : निवृत्त सर्वेक्षक आहे. ऑफिसच्या कपाटात सत्तरच्या दशकातले हस्तलिखित प्रोफाइल आहेत, वाळवी लागतेय. धोरण येईपर्यंत काय करावं?

वाळवी धोरणाची वाट बघत नाही. परवानगीचं पत्र आज द्या आणि मिळाली की लगेच मोबाइलने फोटो काढा, प्रत्येक पान, मागची बाजूसुद्धा. टायपिंग नंतर. शिल्लक मातीचे नमुने बाटल्यांत असतील तर ते फेकू देऊ नका, कोणी कितीही जागा नाही म्हणालं तरी.

प्रश्न : एक कंपनी कार्बन क्रेडिटसाठी आमच्या शेतकरी गटाचा माती डेटा "कायमस्वरूपी हक्कांसह" मागतेय. सही करू का?

नाही. आधी वकील, मग सही.

प्रश्न : लोकेशन किती अचूक द्यायचं? शेतकऱ्याची ओळख उघड होईल का?

आधी लोकेशन बरोबर आहे का ते बघा. जुन्या नोंदीत १८ अंश ३० मिनिटं असतं, टाइप करणारा १८.३० लिहितो, हवं असतं १८.५०. खड्डा २२ किलोमीटर दक्षिणेला सरकला. अक्षांश-रेखांश उलटे टाकले तर पुण्याची माती नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, आणि हे गंमत म्हणून सांगत नाही, कुठलाही नवा डेटा आला की पहिली तपासणी हीच करायची, समुद्रात किती ठिपके पडले. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षणाच्या छापील नकाशावरून) घेतलेले ठिपके आजच्या जीपीएसच्या प्रणालीत बदलून घ्यावे लागतात, नाहीतर खड्डा शेजारच्या शेतात जातो.

ओळखीचं म्हणाल तर, दशांशानंतर चार अंक म्हणजे ११ मीटर, त्यात बांधसुद्धा कळतो. दोन अंक म्हणजे साधारण एक किलोमीटर. सार्वजनिक प्रतीत दोन अंक द्या, पूर्ण आकडा मूळ संस्थेकडे कुलपात ठेवा आणि सोबत लिहा की गोलाकार केलंय, नाहीतर कोणीतरी त्या दोन अंकांवर उपग्रहाचा दहा मीटरचा थर चढवून मॉडेल शिकवेल. शेतकऱ्याची संमती त्याला वाचता येईल अशा मराठीत घ्या. खासगी जमिनीवरचे नमुने असतील तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा कुठे लागू होतो ते तुमच्या संस्थेच्या विधी सल्लागाराला विचारून मगच फाइल पाठवा.